उतू जाणाऱ्या दुधाची दिशा

डिसेंबर अर्धा सरला की नांदेडच्या भाजीबाजारात हरभऱ्याचे ढाळे येतात. मुळांना माती तशीच, पानं ओलसर. मी एक जुडी उचलते, दोन घाटे सोलून तोंडात टाकते आणि मग बोटं चाटते. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर जी आंबट आंब धरते, ती बोटांना लागलेली असते. भाजीवाल्या मावशी माझ्याकडे बघून म्हणतात, "म्याडम, घेणार आहात का नुसतं चाटून राहिलात?" मी दोन जुड्या घेते. घरी त्या कुणी खात नाही, हे मला ठाऊक असतं. पण ढाळे आले म्हणजे येळवस आली, आणि येळवस आली की मी निम्मी नांदेडात आणि निम्मी गावात असते.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. नांदेडात मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आहे, तरी स्टाफरूममध्ये हे दर वर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं. "अमावस्येला कोण सण करतं हो?" असं कुणीतरी विचारतंच. मी सांगते की आमच्या लातूरकडे करतात. त्या दिवशी गावंच्या गावं रिकामी होतात. दुकानं बंद, दारांना कुलपं, रस्त्यावर कुत्री सोडून कुणी नाही. सगळे शेतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी हाताला धरून आपल्या शेतात नेतं आणि पोट फुटेस्तोवर वाढतं. नवा बदलून आलेला साहेब त्या दिवशी लातुरात चहासाठी वणवण फिरतो आणि शेवटी शिपायाच्या शेतात जेवतो. हे सगळं ऐकून सहकारी हसतात, आणि मी रजेच्या अर्जावर 'कौटुंबिक कार्य' असं लिहून टाकते. भज्जी खाण्यासाठी रजा हवी, असं लिहायची सोय अर्जात नाही.

आमचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, जमीन ओढ्याच्या काठानं लांबट पसरलेली. या दिवसांत ज्वारी छातीएवढी झालेली असते, कणसात दाणा दुधावर आलेला असतो. करडईला काटे फुटलेले असतात. तुरीच्या शेंगा हाताला टणक लागतात. शेताच्या मधोमध आप्पा कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायचे. वर निमुळती, खाली पसरट, आत दोन माणसं वाकून बसतील एवढी. त्या कोपीत चुना लावलेले पाच दगड ठेवायचे. ते पांडव. शेजारी लक्ष्मी. पांडव इकडं कधी आले होते, कशाला आले होते, असं मी एकदा विचारलं तेव्हा माय म्हणाली, "जेवायला."

आणि जेवण तसंच असायचं. माय पहाटेपासून चुलीपुढं. ओला वाटाणा, ओली तूर, वालाचे दाणे, हरभरा, शेंगदाणे, मेथी, चुका, जे जे त्या आठवड्यात हिरवं मिळेल ते सगळं एका पातेल्यात, आणि वरून ताकात कालवलेलं बेसन. ती भज्जी. तिला रस्सा म्हणावं तर घट्ट आणि भाजी म्हणावं तर पातळ. बाजरीचे वाफवलेले उंडे त्यात कुस्करायचे. गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, आणि आंबील; ताकातली, ज्वारीच्या पिठाची, लसणाचा वास मारणारी. आंबील ज्या मडक्यात भरायची त्याला आमच्याकडं बिंदगं म्हणतात. हे बिंदगं डोक्यावर घेऊन आप्पा अनवाणी शेतात निघायचे. खांद्यावर घोंगडी. वाटेत बोलायचं नाही, मागं वळून बघायचं नाही, बिंदगं खाली ठेवायचं नाही.

मी त्यांच्या मागं चालत असायची आणि मला हा नियम फार आवडायचा, कारण एरवी आप्पांना काही विचारलं की "गप" हे उत्तर ठरलेलं असे. त्या दिवशी ते गपही म्हणू शकत नव्हते. मी सगळी वाट प्रश्न विचारत जायची. बिंदगं खाली ठेवलं तर काय होतं? मागं बघितलं तर काय दिसतं? पांडव पाचच का, त्यांची बायको कुठं आहे? आप्पांची मान ताठ, पाठ ताठ, कान मात्र लाल होत गेलेले दिसायचे.

शेतात पोचल्यावर पिकात फिरून आंबील शिंपडायची आणि एक घोष करायचा. त्याचे शब्द कानडी वळणाचे आहेत. गावातली सगळी माणसं तो घसा ताणून म्हणतात आणि एकालाही त्याचा अर्थ नीट सांगता येत नाही. मी पुढं तीन कानडी जाणणाऱ्यांना विचारलं, तिघांनी तीन अर्थ सांगितले. आप्पांना विचारलं होतं तेव्हा ते म्हणाले होते, "अर्थ बिर्थ काय न्हाई, म्हणायचं असतंय." आजही मी तो घोष करते. उलट सगळ्यांत मोठ्यानं करते. अर्थ न कळता ओरडण्यात एक मजा आहे, आणि त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. कुणाचं काही बिघडत असेल तर मात्र अर्थ विचारावा लागतो. एवढं साधं मला कळायला एक आख्खी येळवस खर्ची पडली.

ती येळवस दुधाची.

दिवस मावळायला आला की आमच्याकडं शेतात दूध उतू घालतात. कोपीपुढं तीन दगडांची चूल मांडायची. तिच्यावर मातीचं लहानसं बोळकं, त्यात दूध, खाली वाळलेल्या तुराट्यांचा जाळ. दूध वर चढतं, फेसाळतं आणि एका बाजूनं उतू जातं. ज्या दिशेला उतू जाईल तिकडं लक्ष्मीचं बोट. बहुतेक घरांत तेवढ्यावर भागतं. त्या बाजूला पीक चांगलं येणार म्हणायचं, उरलेलं दूध पोरांना द्यायचं आणि घरी जायचं. आमच्या आप्पांनी मात्र त्या बिचाऱ्या बोळक्यावर फार मोठं ओझं टाकलं होतं. ते वर्षभर अडलेले प्रश्न येळवसपर्यंत राखून ठेवायचे. वरल्या पट्टीत काय पेरायचं, बैल बदलायचा का, भावकीत कुणाशी बोलायचं आणि कुणाशी अबोला धरायचा. "येळवसला इचारू," हे त्यांचं पालुपद होतं. उत्तरेला गेलं तर हो, दक्षिणेला गेलं तर नाही, असं ते आधी मोठ्यानं सांगायचे, म्हणजे मागाहून पळवाट नको.

आप्पा भोळे होते असं कुणी समजू नये. जनावराच्या बाजारात त्यांना कुणी फसवू शकत नसे. आभाळाचा नुसता वास घेऊन ते खळं झाकायला धावायचे आणि अर्ध्या तासात सर यायची. जे डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, त्यात ते पक्के होते. पण घरातला निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांचे हातपाय गळायचे. चुकलं तर? लोक काय म्हणतील? भाऊ काय म्हणेल? चुकीची जबाबदारी घ्यायला दूध बरं होतं. दुधाला कुणी जाब विचारत नाही.

चूल मांडायचं काम बायकांचं. आधी माय मांडायची. मी सहावीत गेले तेव्हा तिच्या पाठीत उसण भरली होती, म्हणून ते काम माझ्याकडं आलं. त्या वर्षी एक दगड उंदराच्या बिळावर बसला. जाळ लागला, माती भुसभुशीत झाली, दगड दोन बोटं खाली गेला आणि दूध नेमकं त्याच बाजूनं घळघळ वाहिलं. आप्पांनी हात जोडले. मी दगडाकडं बघत होते. पुढच्या वर्षी मी मुद्दाम समोरच्या दगडाखाली एक खापरी सरकवली. दूध तिच्या उलट्या बाजूनं गेलं. आठवीत मी बोळकंच जरा तिरकं बसवलं आणि मला हव्या त्या दिशेला दूध सांडलं. काठ जिकडं खाली तिकडं दूध. यात कसलंही गूढ नव्हतं. मला मात्र भीती वाटली.

भीती कसली, हे नीट सांगायला हवं. देव खोटा निघाला याची भीती नव्हती. आमच्या घरातला सगळ्यांत मोठा आवाज माझ्या हातात आला होता, त्याची भीती होती. आप्पा माझं ऐकत होते, आणि आपण माझं ऐकतोय हे त्यांना माहीत नव्हतं! खोटं कशाला बोलू, मला ते आवडलंही. शाळेच्या वाटेवरच्या पट्टीत तूर लावावी असं मला फार वाटायचं, कारण येता-जाता शेंगा खाता आल्या असत्या. मी दूध पश्चिमेला सांडलं. त्या पट्टीत तूर आली, चांगली आली, आणि आप्पा ज्याला त्याला सांगत फिरले की लक्ष्मी कधी चुकत नाही. मी शेंगा खात ऐकत होते.

आता दर जूनमध्ये माझ्याकडं पालक येतात. हातात मुलाच्या गुणपत्रिकेची घडी. "मॅडम, तुम्ही सांगाल तसं करतो. डॉक्टरकीला घालू का इंजिनेरिंगला?" मूल शेजारी बसून बुटांच्या नाड्या बघत असतं. कुणी क्लासच्या चाचणीतला नंबर बघून ठरवतं, कुणी शेजाऱ्याच्या मुलीनं काय घेतलं ते बघून, कुणी जन्मपत्रिका काढून. सगळे शिकलेले, काही माझ्यापेक्षा जास्त शिकलेले. कौल लावायची सवय तशीच आहे, फक्त बोळकं बदललं. कधीकधी वाटतं, आता त्या तीन दगडांवर मलाच बसवलंय आणि मी कोणत्या बाजूला कलंडते ते सगळे टक लावून बघताहेत.

मीही काही धुतल्या तांदळाची नाही. लातूरच्या होस्टेलात गेल्यावर पहिल्या वर्षी मी सगळ्यालाच हसायला लागले. उपास करणाऱ्या मैत्रिणीला हसायचे, कपाळाला अंगारा लावून परीक्षेला जाणारीला हसायचे. त्या वर्षी येळवसलाही घरी गेले नाही. माझ्या खोलीतल्या दोन हुशार मुली असल्या गोष्टींची टर उडवायच्या, म्हणून मीही उडवायची. रिकाम्या मेसमध्ये पाणचट बटाट्याचा रस्सा खाताना मला भज्जीचा असा वास आला की डोळे भरले. तेव्हा ध्यानात आलं, आधी मी गावाचं ऐकत होते, आता होस्टेलचं ऐकते आहे. मी स्वतः विचार करून येळवस सोडली नव्हतीच. दुसऱ्या वर्षी पहिल्या एसटीनं गावी गेले आणि तीन वाट्या भज्जी खाल्ली. माय म्हणाली, "बाई, लातुरात उपाशी ठेवतेत का काय?"

तेव्हापासून माझा हिशोब सरळ आहे. चव ठेवायची, माणसं ठेवायची, शेतात अनवाणी चालणं ठेवायचं. आपल्या वतीनं ठरवायचा अधिकार मात्र कुठल्या मडक्याला द्यायचा नाही. हे मी आज ठामपणे म्हणू शकते. पण ज्या वर्षी ते सुरू झालं त्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते, दहावीत होते, आणि ठामपणा वगैरे काही नव्हता. नुसता संताप होता.

गावातली शाळा दहावीपर्यंतच. मला पुढं लातूरला शिकायचं होतं. लातूरचं नाव तेव्हा नुकतंच गाजायला लागलं होतं. तिथं शिकलेली मुलं कुठल्या कुठं जातात असं शाळेतले सर सांगायचे. तात्या, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, याच्या पूर्ण विरोधात. "पोरीला होस्टेलात ठेवायचं? उद्या सोयरीक कोण करंल?" मायला कुणी विचारलं नाही आणि ती काही बोललीही नाही. ती बोलत नसेच. आप्पा मात्र दसऱ्यापासून गप्प गप्प होते. सर दोनदा घरी येऊन गेले, तात्या चारदा. शेवटी एका सकाळी जनावरांना वैरण टाकताना आप्पांनी नेहमीचं सांगून टाकलं. "येळवसला इचारू. लातूर हाय उत्तरेला. दूध उत्तरेला गेलं तर उषी जाईल. दुसरीकडं गेलं तर न्हाई."

उषी म्हणजे मी. मी गणितात बरी होते. चार दिशांतली एक माझी, तीन तात्यांच्या. पण मला त्या गणिताची गरज नव्हती, कारण चूल मीच मांडणार होते. पंधरा दिवस मी निवांत झोपले. दगड कोणता घ्यायचा, खापरी केवढी, बोळकं किती तिरकं, सगळं मनात ठरलं होतं. मग येळवसच्या सकाळी उंडे थापता थापता माय म्हणाली, "औंदा चूल म्या मांडते."

"का?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच इचारायचं हाय. तू हात लावायचा नसतोय."

त्या दिवशी दिवसभर मला भज्जीची चव लागली नाही. माणसं येत होती, जेवत होती, चिंचेखाली झोपाळ्यावर पोरी झोके घेत होत्या, आणि मी वाऱ्याची दिशा बघत बसले होते. वारा उत्तरेकडून येत होता. म्हणजे जाळ दक्षिणेला झुकणार. दक्षिण म्हणजे कर्नाटक, दक्षिण म्हणजे तात्या, दक्षिण म्हणजे दहावी पास होऊन घरात बसणं. मायला सांगावं का, की उत्तरेचा दगड जरा खाली बसव? सांगितलं तर ती घाबरेल, लक्ष्मीचा कोप होईल म्हणेल. मी सांगितलं नाही. माझी माय मला त्या दिवशी जगातली सगळ्यांत भाबडी बाई वाटली.

सूर्य ज्वारीच्या कणसांना टेकला तेव्हा सगळे कोपीपुढं जमले. बाकीचे पाहुणे गेले होते. आम्ही घरचेच उरलो होतो, आणि तात्या. मायनं बोळक्यात दूध ओतलं, पदर खोचला आणि तुराट्या आत सारल्या. तुराट्यांचा जाळ भडक असतो, तडतडतो. दूध आधी कडेनं थरथरलं, मग मधून फुगलं. फेस काठाला आला, क्षणभर थांबला आणि उत्तरेच्या बाजूनं दगडावर ओघळला. चर्र आवाज झाला. जळक्या दुधाचा वास सुटला.

आप्पांनी डोळे मिटून हात जोडले. त्यांच्या तोंडावरचा ताण इतका झटकन उतरला की मला त्यांची दया आली. "सांगितलं लक्ष्मीनं," ते म्हणाले. "उषी जाईल लातूरला."

मी नाचणारच होते. तेवढ्यात तात्या म्हणाले, "जाऊ दे. लक्ष्मीच्या पुढं म्या कोण? पण दादा, उदगीरच्या पाव्हण्यांनी हिला इचारून ठेवलंय. पुढल्या येळवसला त्ये बी असंच इचारायचं."

"इचारू की," आप्पा म्हणाले. "तिच्या सांगण्याबाहेर म्या कवा गेलो?"

ते अगदी सहज बोलले. लेकीच्या आयुष्याचं बोलतोय असं त्यांच्या मनातही नव्हतं. मला एकदम लख्ख दिसलं, की जे दूध आज मला लातूरला धाडतंय तेच दूध पुढच्या वर्षी मला मांडवात बसवेल, आणि तेव्हा चूल कुणी मांडलेली असेल कुणास ठाऊक. आज जिंकले म्हणून हात जोडले, तर उद्या हरल्यावर कुठल्या तोंडानं नाही म्हणू? मी पुढं झाले.

"आप्पा, लोट्यात दूध हाय आजून. परत एकदा घालते उतू."

"देवाला दोनदा इचारत न्हाईत," तात्या ओरडले.

मी ऐकलं नाही. गरम बोळकं पदरानं उतरवलं, उत्तरेच्या दगडाखाली एक चपटा धोंडा सरकवला, बोळकं परत ठेवून दूध ओतलं आणि जाळ केला. "आता दक्षिणेला जाईल," मी म्हणाले. दूध दक्षिणेला गेलं. मग मी पूर्वेचं सांगितलं, आणि ते पूर्वेला गेलं. माझी बोटं भाजली होती, धुरानं नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मी वर्गात फळ्यापुढं उभी असल्यासारखी मोठ्यानं बोलत होते. "काठ जिकडं खाली, तिकडं दूध. यात लक्ष्मी न्हाई आप्पा, यात दगड हाय. तुमाला पश्चिमेला हवं असंल तर पश्चिमेला घालते. सांगा, कुठल्या दिशेला घालू?"

तात्यांनी जमिनीवर थुंकून तोंड फिरवलं. आप्पा खाली बसले. मला वाटलं ते मारतील. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते त्या काळ्या पडलेल्या दगडांकडं बघत होते.

"तुला हे कवापासून ठाऊक हाय?"

"सहावीपासून."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडं न बघता, जणू शेतालाच विचारल्यासारखं म्हणाले, "मंग इतकी सालं म्या कुणाचं ऐकत होतो?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं. निदान शेवटच्या काही वर्षांचं होतं. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी माय बोलली. ती चुलीतल्या तुराट्या मागं ओढून विझवत होती, मानही वर केली नव्हती तिनं.

"माझं," ती म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं. मीही बघितलं. धुरामागं तिचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"ओढ्याकडची जमीन इकायची न्हाई, त्ये म्या सांगितलं," माय म्हणाली. "तुमच्या मनात तंबाखू लावायचं आलं व्हतं, त्ये म्या होऊ दिलं न्हाई. उषी पोटात व्हती तवा मला माहेरी धाडायचं का न्हाई, त्ये बी तुमी दुधालाच इचारलाव. तवा चुलीला माझा हात चालत नव्हता, म्हणून म्या दोन दिस आधी येऊन जागेवर दगड पुरून ठेवला व्हता. आन आजचं बी माझंच हाय. ह्या पोरीला काय धीर निघंना."

मला इतकी लाज वाटली की भाजलेल्या बोटांचं दुखणंही विसरले. त्या घरात डोकं चालवणारी मी एकटीच, असं धरून चालले होते मी. सहावीत उंदराच्या बिळामुळं मला जे दिसलं होतं ते या बाईनं शाळेशिवाय, नवी नवरी असताना, एकटीनं शोधून काढलं होतं. आणि मी तिचं एकुलतं एक हत्यार सगळ्यांसमोर मोडून टाकलं होतं.

आप्पांनी विचारलं, "तोंडानं का न्हाई सांगितलंस?"

"नवी होते तवा सांगितलं व्हतं एकदा. तुमी म्हणलाव, बाईमाणसाला शेतीतलं काय कळतंय. मंग म्या दगडाला शिकवलं." तिनं शेवटची तुराटी मातीत खुपसली आणि उभी राहिली. पदर काढून नीट डोक्यावर घेतला. "आता हिनं फोडलंच हाय, तर तोंडानं सांगते. उषी लातूरला जाईल. आन लग्नाचं तिला इचारल्याबिगर ठरायचं न्हाई."

तात्यांनी खांद्यावरची शाल झटकली. "दादा, ऐकायलाव न्हवं? उठा." आप्पा उठले नाहीत. मायकडं बघत राहिले. एवढा वेळ तिच्याकडं बघताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"जाईल," ते म्हणाले.

मग जपून त्यांनी विचारलं, "आजून काय सांगायचं राहिलंय का?"

"बसा," माय म्हणाली. "लई हाय."